नोकरी धरू की टेबल चालू ठेवू?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

मोबाइल दुरुस्तीचं टेबल बंद करून कंपनीत जाऊ का, असं विचारलंस. घरच्यांचा ओढा नोकरीकडे असणारच. मुलीकडचे पहिला प्रश्न तोच विचारतात. पण गळ्यात ओळखपत्र आलं की माणूस सुखी होतो, असं मी तरी पाहिलं नाही.

माझी हयात बाजारातल्या हिशेबात गेली. पुण्याच्या मार्केट यार्डातला हमाल पाठीवर पोती वाहतो, अंग धुळीनं माखलेलं. तरी नोंदणी झालेल्या टोळीतला माणूस बराच निर्धास्त असतो, तो १९६९च्या माथाडी कायद्यामुळे. व्यापारी मजुरी माथाडी मंडळात भरतो, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा रक्कम, भरतो. त्यातूनच हमालाचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. मालक दहा असोत, खातं एकच. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्या पिढीनं हमालांना संघटित केलं, तेव्हा कुठे हे दिवस आले. उलट एसीत बसून अकरा महिन्यांच्या करारावर काम करणारी पोरं दहाव्या महिन्यापासून साहेबाचा चेहरा वाचायला लागतात. त्याला मी पक्की नोकरी म्हणत नाही.

म्हणून पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी बघ. नेमणूकपत्र कंपनीचं आहे की ठेकेदाराचं? पीएफचे बारा टक्के तुझे आणि तेवढेच मालकाचे; पण काही ठेकेदार दोन्ही वाटे तुझ्याच ठरलेल्या पगारातून वळते करतात. आधीपासून कामाला असलेल्या एखाद्याचं पीएफ पासबुक मोबाइलवर उघडून बघ, पैसे दरमहा जमा होतात का. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं का, तेही विचार. तुझ्याकडून पाऊण टक्का जातो, पण आईचं आजारपण निघालं तर सावकाराचं दार टळतं.

टेबलाचाही हिशेब खरा मांड. मनात आलं की दुकान बंद करता येतं, हे सुख लहान नाही. पण महापालिकेचं विक्री प्रमाणपत्र नसेल, तर अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसल्यावर पोटात गोळा येतो, तोही खर्चाच्या बाजूला लिही. फेरीवाल्यांसाठी २०१४चा कायदा आहे. प्रमाणपत्राची चौकशी कर, नोकरीचं काहीही ठरो.

पत्र ठेकेदाराचं आणि पीएफ गोलमाल निघाला, तर मी टेबलाच्याच बाजूनं आहे; तुझ्या वडिलांशी मी बोलेन. सही करण्याआधी नेमणूकपत्राच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव. मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटींचेही.

तुझा,
काका