मद्यपान करून वाहन चालवल्यास शिक्षा कशामुळे वाढते?

प्रश्न : माझा पुतण्या माझ्याच पिकअपवर चालक आहे. गेल्या महिन्यात कराडहून परतताना उंब्रजजवळच्या नाकाबंदीत पोलिसांनी त्याला मशीनमध्ये फुंकायला लावले आणि प्रमाण बरेच जास्त आल्याने गाडी अडकवून ठेवली. मी शेजारीच बसलो होतो. चार वर्षांपूर्वीही अशाच केसमध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरला होता. ते प्रकरण मिटलेले असताना आता शिक्षा वाढू शकते का? मशीनवरच्या आकड्याने फरक पडतो का?
– एक वाचक, चाफळ, ता. पाटण

उत्तर : दंड भरला की प्रकरण मिटले, ही समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे आणि पुढे तीच महागात पडते. गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दोषसिद्धीच, म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवणेच होय. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दुसऱ्या आणि त्यापुढच्या गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला असेल तरच ही वाढीव शिक्षा लागू होत असे. 2019 च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली, त्यामुळे मध्ये चार वर्षे गेली हा बचाव आता उरत नाही. मात्र आधीची दोषसिद्धी निकालाच्या प्रमाणित प्रतीसारख्या कागदपत्रांनी सिद्ध करणे हे सरकार पक्षाचे काम आहे, हे आपल्या वकिलांनी ध्यानात ठेवावे.

कैद आणि दंडाखेरीज कलम 20 प्रमाणे न्यायालयाला दोषी चालकाला किमान 6 महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवावे लागते. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला ही शिक्षा दंडापेक्षा जड जाते, आणि त्या मुदतीत तो स्टिअरिंगवर सापडला तर कलम 182 खाली आणखी एक गुन्हा दाखल होतो.

आकड्याविषयी बरीच गल्लत होते. अमेरिकेतील अनेक राज्यांत मद्यार्काचे प्रमाण ठरावीक पातळीच्या वर गेले किंवा गाडीत लहान मूल असले, तर कायद्यानेच शिक्षा वाढते. आपल्या कायद्यात अशा पायऱ्या नाहीत. 35 चा आकडा आणि 180 चा आकडा एकाच कलमात बसतात. तरीही कमाल मर्यादेच्या आत नेमकी किती शिक्षा द्यायची हे ठरवताना न्यायदंडाधिकारी तो आकडा, गाडीत कोण होते, रस्ता किती वर्दळीचा होता आणि चालक पोलिसांशी कसा वागला, हे सारे पाहू शकतात. म्हणून यंत्रातून निघालेली छापील पावती स्वतः पाहा : तिच्यावरची तारीख, वेळ, आकडा आणि स्वाक्षरी दोषारोपपत्रातील नोंदींशी जुळते का, हे तपासा. अटक झाली असेल तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली का, हेही विचारा. “फुंकूच नको” हा मित्रमंडळींचा सल्ला घातक आहे. नकार देणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते आणि कलम 205 नुसार तो नकारच त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो.

आपल्या स्वतःविषयी आपण विचारलेले नाही, पण मला त्याचीच अधिक काळजी वाटते. चालक प्यायलेला आहे हे माहीत असून मालकाने त्याला गाडी चालवायला सांगितली असेल, तर कलम 188 प्रमाणे अपप्रेरणेबद्दल (गुन्हा करायला प्रवृत्त केल्याबद्दल) मालकालाही तीच शिक्षा होऊ शकते. पोलिसांना जबाब देण्यापूर्वी वकिलांना भेटा.

प्रश्न : दारू प्यायलेल्या मोटारचालकाने कोरेगावजवळ माझ्या वडिलांना धडक दिली. त्यांच्या मांडीचे हाड मोडले आहे. “दंड भरून सुटेल तो,” असे सगळे म्हणतात. खरे आहे का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : नाही. कोणाला इजा झाली की प्रकरण कलम 185 पुरते राहत नाही. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे आणि बेदरकारपणे ती घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मृत्यू झाला असता तर कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत, आणि आपल्या कृत्याने जीव जाऊ शकतो याची चालकाला जाणीव होती असे सिद्ध झाल्यास कलम 105 खाली 10 वर्षांपर्यंत मजल जाते. 2006 मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर झोपलेल्या सात मजुरांचा बळी घेणाऱ्या चालकाला जुन्या दंड संहितेतील याच स्वरूपाच्या कलमाखाली झालेली 3 वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कायम केली. जखमीला मदत न करता चालक पळून गेला असेल, तर त्याचा गुन्हा वेगळा.

प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत मागून घ्या आणि तिच्यात कोणती कलमे लावली आहेत ते पाहा. फक्त 185 असेल, तर रुग्णालयाचा दाखला आणि एक्स-रेचा अहवाल जोडून पोलीस निरीक्षकांकडे कलमे वाढवण्याचा लेखी अर्ज द्या, आणि त्याच अर्जात चालकाच्या रक्ताचा नमुना घेतला होता का, हेही विचारा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यायला विसरू नका. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दाखल करा. चालक प्यायलेला होता म्हणून विमा कंपनी हात वर करू लागली, तरी तेवढ्यावरून आपल्या वडिलांनी दावा सोडू नये. अशा प्रकरणांत कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी दिलेले आहेत.