नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी औषधशास्त्र कसे शिकावे आणि वॉर्डात औषध देताना चूक कशी टाळावी?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही बी. एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहात, सांगलीत पोस्टिंग सुरू झाले आहे, औषधांची नावे पाठ केली तरी दोन दिवसांत विसरतात, आणि योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे नियम तोंडपाठ असूनही सिरिंज हातात घेतली की चूक होईल अशी भीती वाटते. मी मिरजेत अनेक वर्षे वॉर्डात काम करते आणि विद्यार्थ्यांसोबतही असते. माझ्या अनुभवात ही अडचण एकाच कारणाने येते. औषधशास्त्र परीक्षेच्या वहीत राहते, नियम वॉर्डाच्या वहीत राहतात आणि दोघांची गाठ पडत नाही. नियम पाळताना नेमके काय तपासायचे, हे औषधशास्त्रच सांगते.

हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कळले. सकाळी नाश्त्याच्या आधी एका मधुमेही आजींना १६ युनिट रेग्युलर इन्शुलिन द्यायचे होते. वॉर्डातला साठा संपला होता, म्हणून मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून नवी व्हायल आणली होती. रुग्ण बरोबर, औषध बरोबर, वेळ बरोबर, मात्राही केस पेपरवर स्पष्ट लिहिलेली. मी नेहमीची लाल टोपीची सिरिंज घेतली, १६ च्या रेघेपर्यंत औषध भरले आणि शेजारच्या सीनियर सिस्टरना दाखवले. त्यांनी सिरिंज पाहिलीच नाही. त्यांनी विचारले, ‘‘व्हायलवर किती लिहिलंय?’’ व्हायलवर १०० होते. माझी सिरिंज ४० ची होती.

आपल्याकडे इन्शुलिन दोन तीव्रतांत मिळते, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. ४० च्या सिरिंजला लाल टोपी असते आणि १०० च्या सिरिंजला नारिंगी. ४० च्या सिरिंजवरची १६ ची रेघ म्हणजे प्रत्यक्षात ०.४ मिलिलिटर. त्यात १०० चे इन्शुलिन भरले तर ४० युनिट होतात, म्हणजे सांगितलेल्या मात्रेच्या अडीचपट. उलट ४० ची व्हायल आणि नारिंगी टोपीची सिरिंज अशी जोडी झाली, तर १६ च्या रेघेला जेमतेम ६.४ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही याचा शोध सगळे भलतीकडे घेत बसतात. त्या दिवशी औषध आजींपर्यंत पोहोचले नाही. सिस्टरांनी मला ओरडण्याऐवजी कागद पुढे केला आणि हे गणित माझ्याकडून करवून घेतले. रेग्युलर इन्शुलिनचा जोर साधारण दोन ते चार तासांनी सर्वाधिक असतो, म्हणजे सकाळी साडेसातला दिलेल्या ४० युनिटांचा परिणाम राउंडच्या गडबडीत, दहा-अकराच्या सुमारास दिसला असता. त्या आजींना रक्तदाबासाठी प्रोप्रानोलॉलही सुरू होते. साखर घसरताना होणारी धडधड आणि थरथर हे औषध झाकून टाकते. घाम मात्र झाकला जात नाही. हे ठाऊक असलेली नर्स अशा रुग्णाच्या कपाळाला हात लावून पाहते, आणि ठाऊक नसलेली ‘‘आजी झोपल्यात’’ असे म्हणून पुढे जाते.

या प्रसंगात आकडा बरोबर दिसत होता आणि मात्रा चुकीची होती. याच्या उलट प्रसंगही तुम्हाला या जिल्ह्यात नक्की दिसेल. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज हा द्राक्षांचा पट्टा आहे, घरोघरी कीटकनाशके असतात आणि विषबाधेचे रुग्ण येतात. ऑर्गॅनोफॉस्फरस गटाचे विष शरीरातील कोलिनेस्टरेझ हे विकर निकामी करते. मग असिटिलकोलीन, म्हणजे नसांचा संदेश पुढे पोहोचवणारे रसायन, साचत राहते. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, जुलाब सुरू होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते, आणि सर्वांत घातक म्हणजे श्वासनलिका स्रावाने भरून रुग्ण आतल्या आत बुडू लागतो.

अशा वेळी डॉक्टर अ‍ॅट्रोपिन सांगतात. एका अँप्युलमध्ये सहसा ०.६ मिलिग्रॅम असते. शस्त्रक्रियेपूर्वी दिले तर तेवढ्या एकाच अँप्युलने रुग्णाच्या घशाला कोरड पडते. विषबाधेत मात्र सुरुवातच ३ ते ५ अँप्युलने होते आणि छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट केली जाते. तीनपासून सुरुवात धरली तर तीन, सहा, बारा, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतच २१ अँप्युल होतात. एका मात्रेसाठी दोनपेक्षा जास्त अँप्युल फोडाव्या लागत असतील तर थांबून पुन्हा विचारावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि तो नियम योग्यच आहे. पण येथे तो नियम अडून धरला तर रुग्ण हातचा जाईल. नियम कुठे थांबायला सांगतो आणि कुठे पुढे जाऊ देतो, हे ठरवण्यासाठी अ‍ॅट्रोपिन शरीरात काय करते हेच माहीत असावे लागते. ते मस्कारिनिक ग्राहकांवरचा (ग्रंथी, श्वासनलिका, हृदय येथील ग्राहकांवरचा) असिटिलकोलीनचा परिणाम अडवते, म्हणून छाती कोरडी होते आणि नाडी वाढते. स्नायूंच्या अशक्तपणावर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून मान उचलता येते का आणि श्वास उथळ होतो आहे का, हे वेगळे पाहावेच लागते. नर्सने दर वेळी दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी स्टेथोस्कोप लावून छाती ऐकावी, नाडी आणि रक्तदाब लिहावा. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणजे पुरेसे झाले असे समजू नये. पुढे रुग्ण बरळू लागला, अंग तापले, पोटाचे आवाज थांबले, लघवी अडली, तर अ‍ॅट्रोपिन जास्त होत आहे. हे सर्वात आधी तुम्हालाच दिसणार, कारण खाटेपाशी तुम्ही असता.

आता अभ्यासाबद्दल. नावे सुटी सुटी पाठ करू नका, औषधाच्या मूळ नावाच्या (कंपनीच्या ब्रँडच्या नव्हे) शेपटावरून गट ओळखा. शेवटी ‘प्रिल’ असेल तर रक्तदाबाच्या त्या गटात कोरडा खोकला आणि पोटॅशियम वाढणे आठवावे. ‘ओलॉल’ दिसले की नाडी मोजावी आणि दमा आहे का ते विचारावे. मग प्रत्येक गटातील एका औषधासाठी वहीचे एक पान ठेवा आणि त्यावर चारच गोष्टी लिहा: ते काय करते, देण्यापूर्वी काय पाहायचे, दिल्यानंतर काय पाहायचे, आणि जास्त झाले तर उतारा काय. हृदयासाठीच्या डिगॉक्सिनच्या पानावर ‘देण्यापूर्वी हृदयाच्या टोकाशी पूर्ण एक मिनिट ठोके मोजणे, ६० च्या खाली असल्यास न देता डॉक्टरांना कळवणे’ असे येईल. त्याच रुग्णाला बहुधा लॅसिक्स हे लघवी वाढवणारे औषध सुरू असते, लॅसिक्समुळे पोटॅशियम उतरते, आणि पोटॅशियम उतरले की डिगॉक्सिनची विषबाधा नेहमीच्या मात्रेतही होऊ शकते, ही साखळी त्याच पानावर तयार होते. लेबर रूममध्ये जाल तेव्हा मॅग्सल्फच्या (गरोदरपणातील झटक्यांसाठीच्या मॅग्नेशियम सल्फेटच्या) पानावर गुडघ्याची उसळी, श्वास मिनिटाला किमान १६, लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर आणि उतारा म्हणून हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट, इतके असले पाहिजे. पोटॅशियम क्लोराइडच्या पानावर लाल शाईने एकच वाक्य लिहा: पातळ केल्याशिवाय शिरेतून कधीच नाही, थेट ढकलले तर हृदय बंद पडते.

रुग्णाची ओळख पटवण्याच्या बाबतीत आपल्या भागात दोन अडचणी येतात. एक म्हणजे एका वॉर्डात तीन पाटील आणि दोन जाधव सहज असतात. ‘‘तुम्ही पाटील ना?’’ असे विचारले तर चुकीच्या खाटेवरूनही हो येते. म्हणून ‘‘तुमचं पूर्ण नाव सांगा’’ असे विचारून इनडोअर नंबर ताडून पाहावा. दुसरी अडचण मिरजेची. येथे १८९४ मध्ये मोठे मिशन रुग्णालय सुरू झाले, आणि अथणी, चिकोडी, विजयपूरकडून फार पूर्वीपासून रुग्ण येतात. त्यांतल्या अनेकांना फक्त कानडी येते आणि संकोचाने ते प्रत्येक प्रश्नाला मान डोलावतात. मी ‘‘निम्म हेसरु एनु?’’ (तुमचं नाव काय?) एवढे एक वाक्य शिकून घेतले, आणि उत्तर मिळाले नाही तर नातेवाइकाला बोलावते, पण मान डोलावण्यावर औषध देत नाही.

लिहिताना ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, कारण इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य हवे, पण पूर्णांकानंतर दशांश चिन्ह आणि शून्य नको. फोनवर ऑर्डर मिळाली तर ती लिहून घेऊन परत वाचून दाखवावी. विद्यार्थी असताना कोणतेही इंजेक्शन सोबतच्या सिस्टरना व्हायल आणि सिरिंज दोन्ही दाखवल्याशिवाय देऊ नये, आणि कोणी ‘‘दे गं, काही होत नाही’’ म्हटले तरी देऊ नये.

चूक झालीच तर आधी रुग्णापाशी जा, नाडी, श्वास, शुद्ध पाहा, लगेच सिस्टर आणि डॉक्टरांना सांगा आणि जे दिले ते जसेच्या तसे लिहा. लपवलेल्या चुकीत उताऱ्याची वेळ निघून जाते. चूक नसतानाही औषधाची अनपेक्षित बाधा झाली, तर ती कळवण्यासाठी २०१० पासून भारतात औषध सतर्कता कार्यक्रम आहे. त्याचा फॉर्म नर्सही भरू शकते, हे पुष्कळांना माहीत नसते.

उद्या पोस्टिंगला गेलात की ट्रॉलीवरची इन्शुलिनची व्हायल हातात घ्या, तिच्यावरचा आकडा वाचा, डब्यातल्या सिरिंजच्या टोपीचा रंग पाहा, आणि ती जोडी जुळते का हे सिस्टरांना विचारा. वहीचे पहिले पान तिथूनच सुरू करा.