इतरांचे ऐकून माझे दुःख वाढेल का?

आत्महत्येमुळे जवळचे माणूस गमावलेल्यांना समुपदेशक म्हणून मी समदुःखी गटाविषयी, म्हणजे असेच दुःख वाट्याला आलेल्यांनी एकत्र बसून बोलण्याच्या गटाविषयी सांगते, तेव्हा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. माझेच मला पेलत नाही, त्यात आणखी आठ-दहा जणांचे कुठे ऐकत बसू? धाकटा भाऊ गेल्यानंतर आठव्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेनेही तो विचारला होता. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

बाईंच्या पर्समध्ये एक छोटी वही असे. तिच्या एका पानावर मधोमध रेघ मारून त्यांनी दोन रकाने केले होते. एकावर ‘हृदयविकार’ लिहिले होते, दुसऱ्यावर ‘खरे’. कोणाला काय सांगितले आहे, याचा तो हिशेब होता. पहिल्या रकान्यात ३१ नावे होती, दुसऱ्यात ४. कोणाशी बोलायची वेळ आली, की आधी वही आठवायची आणि मग तोंड उघडायचे, असे आठ महिने चालले होते. माणूस गेल्याचे दुःख तर होतेच. पण ते कोणासमोर मोकळेपणाने करता येत नव्हते, आणि मला वाटते, त्या अधिक थकल्या होत्या त्या या लपवालपवीने.

शिवाय भाऊ गेला त्याच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला होता आणि उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत म्हणून त्यांनी तो दोन मिनिटांत आटोपला होता. त्या दोन मिनिटांपाशी त्या रोज रात्री परत जात. आत्महत्येमागे सहसा एकच एक कारण नसते, अनेक गोष्टी दीर्घकाळ साचत आलेल्या असतात, हे मी त्यांना तीन महिने वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते. त्या मान हलवत. पण माझे सांगणे हे शेवटी समुपदेशकाचे सांगणे होते.

मागे राहिलेल्यांना आधार देण्याच्या या कामाला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी ‘पोस्टव्हेन्शन’ असा शब्द दिला, आणि असे गट कसे सुरू करावेत यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एक पुस्तिकाही काढली. एका आत्महत्येची झळ ओळखीपाळखीच्या सुमारे १३५ जणांपर्यंत पोहोचते, असा २०१८ मधील एका अमेरिकी अभ्यासाचा अंदाज आहे. बाईंना मी हा आकडा सांगितला, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, “मग हे सगळे लोक आहेत तरी कुठे?” पुष्कळसे कुठल्या ना कुठल्या वहीतला पहिला रकाना भरत असतात.

तरीही मी त्यांना लगेच गटात पाठवले नाही. पूर्वी एकदा मी ती घाई केली होती. घटनेचे दृश्य सतत डोळ्यांसमोर येत असेल, झोप पूर्ण उडाली असेल, तर आधी एकेकट्याने उपचार घेणे बरे. आणि स्वतःलाही जगू नये असे वाटत असेल, तर गटाच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी आणि घरातल्या माणसाशी बोलायला हवे. मागे राहिलेल्यांमध्ये हा धोका वाढतो, म्हणून मी हे दर भेटीत स्पष्ट शब्दांत विचारते.

आमच्या गटात काही गोष्टी पक्क्या आहेत. मृत्यू कसा घडवून आणला याचे वर्णन कोणी करत नाही. सल्ला देत नाही. गेलेल्या माणसाचा उल्लेख ‘ते प्रकरण’ असा न करता त्याच्या नावाने केला जातो. गप्प बसायचे असेल, तर गप्प बसता येते. बाई पहिल्या दोन बैठका गप्पच होत्या, आणि पहिल्या बैठकीनंतरची रात्र फार वाईट गेली, असे त्यांनी मला सांगितले. असे होते. ते मी आधीच सांगून ठेवलेले असते, म्हणजे माणूस घाबरून परत फिरत नाही. दुःख वाढले आणि दाबलेले दुःख वर आले, या दोन्ही गोष्टी त्या रात्री सारख्याच वाटतात. फरक कळायला दोन-तीन बैठका जाव्या लागतात.

तिसऱ्या बैठकीत पत्नी गमावलेले एक वयस्क गृहस्थ बोलत होते. त्या संध्याकाळी किरकोळ बोलाचाली झाली आणि आपण चप्पल घालून फिरायला निघून गेलो, हे त्यांनी सांगितले. सहा वर्षांनंतरही ‘चप्पल घालून’ म्हणताना त्यांचा आवाज अडखळला. बाई पटकन म्हणाल्या, “अहो काका, तुम्हाला कसे ठाऊक असणार?” आणि तिथेच थांबल्या. काकांनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. हेच वाक्य मी तीन महिने बोलत होते; पण ते त्यांच्या स्वतःच्या तोंडून, दुसऱ्यासाठी आणि अगदी मनापासून आले, तेव्हा त्यांना ते ऐकू आले. गट जे करतो ते हे, आणि म्हणूनच इतरांचे ऐकण्याला मी ओझे म्हणत नाही.

नंतर त्यांनी भावाचे नाव घेतले आणि तो आत्महत्येने गेला, असे गटात प्रथमच म्हणाल्या. ‘केली’ म्हणाल्या नाहीत. त्या क्रियापदाला गुन्ह्याचा वास येतो, असे त्यांनीच मला पुढे सांगितले.

परवा भेटल्या तेव्हा वही अजून पर्समध्ये होती. शाळेतल्या एका मैत्रिणीचे नाव पहिल्या रकान्यातून खोडून दुसऱ्यात लिहिले होते. बाकीची ३० जागच्या जागी होती, आणि त्यांची त्यांना घाई नव्हती.