सीआरए परीक्षेची तयारी कुठून सुरू करावी?

नोकरी सांभाळून सीआरए (सर्टिफाइड रेकॉर्ड्स अॅनालिस्ट, म्हणजे कार्यालयीन कागदपत्रांच्या व्यवस्थापनातलं प्रमाणपत्र) करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारलंय. ही प्रमाणपत्रं देणाऱ्या आयसीआरएम (इन्स्टिट्यूट ऑफ सर्टिफाइड रेकॉर्ड्स मॅनेजर्स) या संस्थेच्या सीआरएम (सर्टिफाइड रेकॉर्ड्स मॅनेजर) परीक्षेचे सहा भाग असतात. पहिले पाच बहुपर्यायी, सहावा केस स्टडीवर लिहायचा. सीआरएसाठी दुसरा, तिसरा आणि चौथा एवढेच पुरतात. त्यामुळे पुढे सीआरएम करायचं ठरवलंत तर ही मेहनत फुकट जात नाही.

मी सुरुवात चौथ्यापासून करायला सांगेन, कारण खरा विषय तिथेच आहे: कोणता कागद किती वर्षं ठेवायचा, कधी नष्ट करायचा आणि हे ठरवायचं कशावरून. नुसती मुदत पाठ करू नका, तिच्यामागचं कारण शोधा: कायदा, लेखापरीक्षण की रोजची गरज? आपल्या सरकारी कार्यालयांतलं अ, ब, क, ड वर्गीकरण पाहिलं असेल तर हा विचार पटकन उमगेल. तिथे 'अ' म्हणजे कायमस्वरूपी जतन.

एक चूक बरेच जण करतात. खटला सुरू असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तर मुदत संपलेली फाइलसुद्धा नष्ट करायची नाही. हा मुद्दा पक्का करा.

सोबत आयएसओ 15489 हे कागदपत्र व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक वाचा, 2016 ची आवृत्ती. आणि स्वतःच्या विभागातल्या दहा प्रकारच्या फाइलींचं जतन-वेळापत्रक हाताने बनवून बघा.