कांद्याचं रोप बसतंय? आधी पाणी बंद करा

भाऊ, वाफ्यातली कांद्याची रोपं आडवी पडतायत म्हणालात, तर त्यातलं एक रोप हलक्या हाताने उपटून बघा. मातीलगतची मान दोऱ्यासारखी बारीक, पाणचट झाली असेल तर तो मर रोग आहे. बुरशी मातीतलीच, पिथियम नाहीतर रायझोक्टोनिया. पडलेलं रोप काही उठत नाही, त्याचा नाद सोडा. पाणी तोडा आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक लिटर पाण्याला 3 ग्रॅम घेऊन पडलेल्या चट्ट्यांभोवती मुळाशी ओता. नुसती पानांवर फवारणी म्हणजे पैसे वाया.

खरं काम पेरणीआधीचं. माझीही पहिल्या खरिपाला सपाट वाफ्यात, बी फेकून, अर्धी रोपं गेली होती. तेव्हापासून 15 सेंटिमीटर उंच गादीवाफा, बोटभर अंतराच्या ओळी आणि बी पातळ. दाट रोपात वारा खेळत नाही, तिथूनच सुरुवात होते. बियाण्याला किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा, ही रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी. ज्या वाफ्यात ट्रायकोडर्मा दिलंय तिथे लगेच तांब्याचं औषध ओतू नका, तीही बुरशीच आहे, मरते. कच्चं शेणखत तर अजिबात नको.

उन्हाने माती तापून बुरशी मरावी म्हणून पुढच्या मे महिन्यात वाफे भिजवून पारदर्शक प्लास्टिकने महिनाभर झाका, कडा मातीने दाबून. काळं प्लास्टिक नको, त्याने माती तेवढी तापत नाही.