शेरशाह सूरीने उत्तर भारतावर जेमतेम पाच वर्षं राज्य केलं, तरी त्याचं नाव एवढं का टिकलं?

मुख्य कारण तुमच्या खिशात आहे: रुपया. १५४० मध्ये कनौजजवळ मुघल बादशहा हुमायूनला हरवल्यावर शेरशाहने भेसळीची जुनी नाणी मागे सारून सुमारे ११.५ ग्रॅम चांदीचं नाणं पाडलं. मुघलांनी ते जवळपास तसंच चालवलं आणि कंपनी सरकारने १८३५ मध्ये वजन एक तोळा (११.६६ ग्रॅम) ठरवलं. म्हणजे तीनशे वर्षांत फरक चिमूटभर!

दुसरं, जमीन मोजणी. शेत मोजायचं, पिकाची सरासरी काढायची, सरकारचा वाटा साधारण एक तृतीयांश. शेतकऱ्याला पट्टा (जमीन आणि साऱ्याची नोंद असलेला कागद) द्यायचा, त्याच्याकडून कबुलियत (सारा भरण्याची लेखी कबुली) घ्यायची. अकबराच्या महसूल पद्धतीचा पाया हाच.

ग्रँड ट्रंक रोड, म्हणजे बंगालपासून वायव्येकडे जाणारा लांबलचक रस्ता, मात्र त्याने ‘बांधला’ म्हणणं चूक. वाट प्राचीनच, त्याने ती दुरुस्त केली, झाडं लावली, दर दोनेक कोसांवर सराया (प्रवाशांसाठी मुक्कामाच्या जागा) उभारल्या. तिथेच डाकेचे घोडे असत.

१५४५ मध्ये कालिंजर किल्ल्याच्या वेढ्यात तटावर फेकलेला दारूगोळा उलटून साठ्यावर पडला, स्फोटात भाजून तो गेला. कबर बिहारमधल्या सासाराम इथे, तलावाच्या मधोमध. ताजमहालाइतकी गर्दी नसते, पण बघाच.