फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश बँडचं खरं नाव गाजलं ते त्याचा गिटारवादक पीटर ग्रीन बँड सोडून गेल्यावर. मग त्याची आठवण लोक अजून का काढतात?

पीटर ग्रीन बँडमधून बाहेर पडला मे १९७० मध्ये. बँडचा गाजलेला अल्बम 'रूमर्स' आला १९७७ साली, त्यात त्याचा एक सूरही नाही. तरी माझ्यापुरतं विचाराल तर फ्लीटवुड मॅक म्हणजे तोच. याला कारण माझा मामा.

मी हर्णैचा. मामा बोटीवर होता, म्हणजे मर्चंट नेव्हीत. सुट्टीवर येताना कॅसेटी आणायचा. त्यातल्या एकीवर बॉलपेनने नुसतं 'आल्बाट्रॉस' लिहिलेलं. ही ग्रीनने बांधलेली बँडची धून. शब्द नाहीत, गाणारा नाही. ड्रमवर मऊ टोकाच्या काठ्यांचे ठोके, लाट येऊन वाळूत जिरावी तसे, आणि वर संथ गिटार. कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, मुख्यतः दोनच. मला वाटलं, माझ्या गिटारवर दुपारच्या जेवणापर्यंत हातात बसेल. आठवडा गेला. सूर बरोबर पडत होते, पण ते गाणं होत नव्हतं. मामा ओटीवर सुपारी कातरत ऐकत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "मेल्या, वल्हं मारून झालं की होडीला जरा जाऊ दे. लगेच दुसरं मारलंस तर नुसतं पाणी उडतं."

मामाला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. पण पीटर ग्रीनबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

हा लंडनचा पोरगा, जन्म १९४६चा. १९६६ साली जॉन मेयॉलच्या ब्लूज बँडमध्ये थेट नावाजलेल्या गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या जागी बसला. दुसरा कुणी असता तर आपण क्लॅप्टनपेक्षा किती जलद वाजवतो ते दाखवत सुटला असता. पुढच्या वर्षी स्वतःचा बँड काढला, तर नाव दिलं ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बास गिटारवाला जॉन मॅकव्ही यांचं. आणि मॅकव्ही तेव्हा बँडमध्ये आलेलाही नव्हता! आमच्याकडे भजनी मंडळाच्या बॅनरवर बुवांचा फोटो इतरांपेक्षा लहान आला तरी चार दिवस अबोला असतो.

'आल्बाट्रॉस' १९६८चं. त्यातली दुसरी गिटार डॅनी कर्वनची, वय वर्षं अठरा. जानेवारी १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथे या बँडचं दुसरं कुठलंही सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, कधी पहिलं आलं नाही, 'रूमर्स'मधलंसुद्धा नाही. 'ब्लॅक मॅजिक वुमन' हे गाणं सांताना या बँडचं म्हणून आपण ऐकतो, तेही मुळात ग्रीनचंच.

त्याच्या १९५९च्या लेस पॉल गिटारची गंमत गिटारवाल्यांना ठाऊक असेल. तिच्या एका पिकअपमधलं, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या भागातलं, चुंबक उलटं बसलेलं. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज पोकळ, जरा नाकातला यायचा. दोष म्हणायचा तर दोष, पण लोक आजही मुद्दाम चुंबक फिरवून तो आवाज काढू पाहतात. ती गिटार पुढे गिटारवादक गॅरी मूरने घेतली, आता ती मेटॅलिका बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे.

त्याच्या आजारपणावर फार लिहीत नाही. एलएसडीची नशा, मग स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार, इस्पितळं, विजेचे झटके. पैसा त्याला नकोसा झाला होता, वाटून टाकायला निघाला होता. नव्वदच्या दशकात पुन्हा वाजवू लागला, पण ती धार परत आली नाही असं माझं मत.

तो गेला २५ जुलै २०२० ला. निसर्ग वादळ होऊन दोन महिनेही झाले नव्हते. आमच्या वाडीत वीज नुकती आलेली, निम्म्या घरांवर अजून ताडपत्री, होड्या शाकारून वर ओढलेल्या. बातमी वाचून मामाला मुंबईला फोन लावला.

"तो होता अजून?" मामा म्हणाला. मग कॅसेटची चौकशी. ती माळ्यावर भिजून बुरशीने पांढरी झाली होती. म्हटलं, मोबाइलवर लावतो, आणि स्पीकर फोनपाशी धरला. तीन मिनिटं तो काही बोलला नाही. संपल्यावर म्हणाला, "पाऊस आहे का रे तिकडे?"

पाऊस नव्हता. ते ड्रम होते.